खाली वळवलेले फोन

ऑफिसांमध्ये फोनची यंत्रणा बसवायची आणि ती चालू ठेवायची, हा माझा धंदा. अकोल्याला जठारपेठेत दुकान आहे. कामं बाळापूरच्या डाळमिलपासून अमरावतीच्या दवाखान्यांपर्यंत पसरलेली. दुकानात शिरणारा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या मागे बघतो आणि विचारतो, "मेकॅनिक आहे का जी?" सुरुवातीला मी सांगत बसायचे, की डिप्लोमा माझा, दुकान माझं, आणि शिडीवरही मीच चढते. आता नुसतं "बोला" म्हणते. बोलता बोलता त्यांना कळतं. नाही कळलं तर त्यांचं नशीब.

आमच्या घरात वकील झाले, शिक्षक झाले, एक काका पूजा सांगायचे. सगळ्यांचं पोट बोलण्यावर चाललं. मी पॉलिटेक्निकला जाऊन इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हा वडील म्हणाले, "वकिलाची पोरगी तारा ओढणार का?" ओढल्या. लोकांचं बोलणं या टोकापासून त्या टोकापर्यंत नेणं हे काम वकिलीपेक्षा कमी नाही, असं मला तेव्हाही वाटायचं. वडिलांना ते शेवटपर्यंत पटलं नाही आणि मीही पटवायला गेले नाही.

"आता मोबाइल आल्यावर हे इंटरकॉम कोण वापरते?" असं मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी ऐकवतं. उत्तर सोपं आहे. ज्याच्याकडे साहेबांचा मोबाइल नंबर आहे, तो मोबाइलवर बोलतो. ज्याच्याकडे नाही, तो ऑफिसच्या नंबरवर फोन लावतो. या दुसऱ्या प्रकारची माणसंच जास्त आहेत. त्यांचा फोन बाहेरून येतो, ऑपरेटर उचलते, कोणाकडे जायचं ते विचारते आणि त्या टेबलाकडे पाठवते. माझी मशीन म्हणजे भिंतीवर टांगलेली एक पेटी. आत कार्डं, बाहेर तारांचा जुडगा. ती एवढंच करते: सांगितलं त्या टेबलावर फोन वाजवते.

एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट कळली. पेटी आपण होऊन फार कमी बिघडते. तिला माणसं बिघडवतात. एप्रिल लागला की आमच्याकडे खिडक्याखिडक्यांत कूलर चढतात आणि कूलर नेमका तारांच्या जोडपेटीच्या वर चढतो. आमच्या बोअरचं पाणी खारं. ठिबकून ठिबकून तांब्याच्या तारा हिरव्या करून टाकतं. मग फोन येतो, "मॅडम, तुमची मशीन खराब निघाली." मी जाते, कूलर सरकवते, तारा कापून पुन्हा जोडते आणि सांगते, की पुढच्या वर्षी कूलर इथे लावू नका. पुढच्या वर्षी कूलर तिथेच असतो. रंगारी तारांवरून ब्रश फिरवतो, इलेक्ट्रिशियन माझ्या पाइपमधून स्वतःची वायर घुसवतो, आणि एका डाळमिलमध्ये तर पेटीच्या झाकणावर अगरबत्तीचं घर ठेवलेलं होतं, राख आतल्या कार्डांवर. या सगळ्याचा मला राग येतो, पण तो रोजचा राग आहे. जेवणाचा डबा उघडला की जातो.

जो गेला नाही, तो अमरावतीच्या एका शिक्षण संस्थेतला.

संस्था मोठी. शाळा, कॉलेजं, वसतिगृहं, आणि या सगळ्यांचं मिळून एक मध्यवर्ती ऑफिस. तिथली मशीन मीच बसवलेली. बसवताना सगळ्यात जास्त वेळ तारा ओढण्यात गेला नाही, नंबर वाटण्यात गेला. कोणत्या टेबलाला कोणता नंबर, यावरून तिथे जी ओढाताण झाली ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. सचिवांना सर्वांत लहान नंबर हवा. प्रशासन अधिकाऱ्यांना त्यांच्यालगतचा. अधीक्षकांना स्वतःच्या नंबरातल्या आकड्यांची बेरीज आठ यायला नको होती, कारण आठ म्हणजे शनी. हेडक्लार्कला तिथे बडे बाबू म्हणत. त्यांचं म्हणणं एवढंच, की छोट्या बाबूचा नंबर आपल्या आधी येता कामा नये. मी कागदावर खोडत होते, ते भांडत होते. ऑपरेटरला कोणता नंबर द्यायचा, ते कोणी विचारलं नाही. ऑपरेटरचा नंबर नऊ असतो, तो आपोआप ठरलेला असतो.

ऑपरेटर म्हणजे एक बाई, माझ्याहून चार-दोन वर्षांनी लहान. तिची जागा जिन्याखाली. तिथे खिडकी नाही म्हणून कूलर नाही. एक टेबलफॅन, तोही तिने घरून आणलेला. ती कितीतरी वर्षं तात्पुरती होती. दर वर्षी जूनमध्ये नवा आदेश निघायचा, तोपर्यंत धाकधूक. आमच्याकडे संस्थेत 'कायम' होणं म्हणजे काय असतं, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. कायम झालेल्या माणसाशी बँक वेगळं बोलते, सोयरे वेगळे बोलतात. तिच्या कायम होण्याची फाइल त्या वर्षी शेवटी वर सरकली होती. नवरा होता, पण तो घरी बसून असे, कमावणारी हीच.

आणि नेमकं तेव्हा अध्यक्षांचा फोन अडकला.

झालं असं, की अध्यक्ष गावाहून बोलत होते. सचिवांचा मोबाइल गाडीत राहिला होता, म्हणून अध्यक्षांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदा ऑफिसच्या नंबरवर फोन लावला. ऑपरेटरने "लावते, साहेब" म्हणून सचिवांकडे पाठवला. थोड्या वेळाने फोन परत ऑपरेटरकडे. तिने पुन्हा पाठवला. पुन्हा परत. फोन मधल्या वेळात ताटकळत असतो तेव्हा बाहेरच्याला एक ध्वनिफीत ऐकू येते, आणि त्या संस्थेत ती अध्यक्षांच्याच आवाजात होती: "आमच्या ज्ञानमंदिरात आपले सहर्ष स्वागत आहे." अध्यक्ष स्वतःचं स्वागत ऐकत बसले. मग फोन आपटला. संध्याकाळी सचिवांना जे बोलायचं ते बोलले, आणि सचिवांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावलं.

"मॅडम, या, मशीन पाहा आणि आम्हाला एकच सांगा," ते फोनवर म्हणाले, "मशीन खराब आहे की ऑपरेटर."

असा प्रश्न ऐकला की माझं डोकं सटकतं. पण काम ते काम. गाडी काढली, मूर्तिजापूरवरून दहा वाजता अमरावतीत. पेटी उघडली, साफ केली, अर्थिंग बघितलं. टेस्टिंगचा फोन घेऊन टेबलाटेबलावर गेले. सगळ्या लाइनींवर टोन. पेटीतून तारेवर थेट घंटी दिली की सगळी टेबलं वाजत होती. ऑपरेटरच्या जिन्याखाली गेले तेव्हा बडे बाबू माझ्यामागे येऊन उभे राहिले होते, हाताची घडी घालून. ती आलेले फोन पुढे देत राहिली. बडे बाबू चहा प्यायला गेले तसा तिने कानावरचा हेडफोन काढला आणि माझ्या हातात दिला.

"ताई, तुमी बसा इथं."

"मी? मी काय करू?"

"मी काय करून राहिली ते मी सांगितलं तर कोणी मानत नाही. तुमी बसा. तुमीच उचला."

मी बसले. बसवलेल्या मशीनवर मी आजवर कधी ऑपरेटर म्हणून बसले नव्हते. कोणी बसत नाही. पहिला फोन दर्यापूरच्या एका बाईंचा, मुलीच्या प्रवेशाबद्दल. दिला अधीक्षकांकडे. दुसरा कोणा पुस्तकवाल्याचा. तिसरा एका निवृत्त मास्तरांचा, अंजनगावहून, त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर सही व्हायची होती. दिला प्रशासन अधिकाऱ्यांकडे. आणि मग दर्यापूरच्या बाई परत आल्या. "हॅलो, अधीक्षक साहेब का?" मी म्हटलं, नाही, ऑपरेटर. पुन्हा दिल्या. तेवढ्यात मास्तर परत.

"बाई, मी फिरून तुमच्यापाशीच आलो न," मास्तर म्हणाले.

"थांबा, गुरुजी, पुन्हा देते."

"द्या. कालही असंच झालं. आवाज दुसऱ्या बाईचा होता. ती बाई चांगली आहे बिचारी, पण तिले फोन देता येत नाही वाटते."

मी ऑपरेटरकडे पाहिलं. ती टेबलफॅनची जाळी पुसत होती. मास्तर तिसऱ्यांदा परत आले तेव्हा म्हणाले, "जाऊ द्या. मी येतोच तिकडं येस्टीनं. सहीच तं पायजे." आणि फोन ठेवला. त्या वयाचा माणूस भर उन्हात एसटीने येणार, एका सहीसाठी, आणि सही करणारा माणूस माझ्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, कूलरच्या गारव्यात बसलेला. मी मघाशीच त्याच्या टेबलावरची टोन तपासून आले होते.

लॅपटॉप लावला, मशीनच्या आत काय काय लावून ठेवलंय ते बघितलं. फोनचा माग एकेक टेबल धरून काढला, तेव्हा सगळं दिसलं. प्रत्येक फोनवर एक सोय असते: आपण जागेवर नसलो तर चांदणीचं बटण दाबून चार आकडे लावायचे, की आपले फोन दुसऱ्या टेबलावर जातात. ही सोय जेवायला गेलेल्या माणसासाठी आहे. इथे सचिवांनी आपला फोन प्रशासन अधिकाऱ्यांकडे वळवून ठेवला होता. प्रशासन अधिकाऱ्यांनी अधीक्षकांकडे. अधीक्षकांनी बडे बाबूंकडे. बडे बाबूंनी छोट्या बाबूंकडे. छोट्या बाबूंच्या खाली कोणीच नव्हतं, म्हणून त्यांनी ऑपरेटरकडे. महिनोन्‌महिने. कोणाच्याही टेबलाला लावलेला फोन दर पायरीवर एकेक माणूस खाली उतरत, जिथून निघाला तिथेच येऊन पोचत होता.

"तुम्हाला हे माहीत होतं?" मी विचारलं.

"साऱ्यायलेच माहीत आहे, ताई," ती म्हणाली. "आमच्याकडे तशी पद्धत आहे. साहेबाचा फोन साहेबानं उचलायचा नसते. खालच्यानं उचलायचा, काय काम ते विचारायचं, मंग वर सांगायचं."

"आणि खालचा उचलतच नाही."

"त्याच्याही खाली कोणीतरी आहे न."

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं, उन्हाळ्यात ऊन असतं तसं. माझं डोकं मात्र तिथेच तापलं. चूक झाली असती तर मला राग आला नसता; चुका मी रोज दुरुस्त करते. ही चूक नव्हती. पाच शिकलेल्या माणसांनी, प्रत्येकाने स्वतःच्या बोटाने, आपल्या मानाला शोभेल अशी व्यवस्था केली होती, आणि तिच्या तळाशी जी बाई बसली होती तिच्यावर आता बोट ठेवायचं होतं.

दुपारी सचिवांच्या खोलीत सगळे जमले. सचिव, प्रशासन अधिकारी, अधीक्षक, बडे बाबू. मला खुर्ची दिली. ऑपरेटरला बोलावून दाराशी उभं केलं.

"हां, मॅडम," सचिव म्हणाले. "मशीन ठीक आहे?"

"ठीक आहे."

"लाइनी?"

"लाइनी ठीक आहेत."

"म्हणजे माणूस ठीक नाही," बडे बाबू म्हणाले. त्यांना हे वाक्य फार आवडलेलं दिसलं. त्यांनी ते इकडे तिकडे बघत पुन्हा म्हटलं.

"माणूसही ठीक आहे," मी म्हटलं. आणि मग एकेकाकडे बघून सांगितलं, कोणाचा फोन कोणाकडे वळवलेला आहे आणि शेवटी कुठे जातो. मला वाटलं होतं, आता माना खाली जातील. निदान एक तरी जाईल. कोणाचीच गेली नाही.

"मग?" प्रशासन अधिकारी म्हणाले. "सचिव साहेबांनी येणारे-जाणारे फोन उचलत बसायचं का?"

"ऑफिसची एक शिस्त असते, मॅडम," अधीक्षक म्हणाले. "खालून वर यावं लागतं."

"वर येतच नाही. तुमच्याकडून खाली जातं."

"ज्याले खरंच काम आहे तो प्रत्यक्ष येते न जी," बडे बाबू म्हणाले. "फोनवर कोणती कामं होतात?"

"मग मशीन कशाला बसवली?"

यावर सगळे हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. सचिव हसता हसता गंभीर झाले. "ते काही असो. फोन फिरून परत येतो हे ऑपरेटरला तर कळत होतं ना? तिने सांगायला नको?"

"सांगतलं होतं, साहेब," दारातून ती म्हणाली. "दोनदा."

"कोणाला?"

"बडे बाबूंना."

"तोंडी!" बडे बाबू म्हणाले. "तोंडी तक्रारीले काय तक्रार म्हणतात?"

"लेखी देतो म्हणलं तं तुमीच म्हणाले, तात्पुरत्या माणसाले लेखी तक्रार देता येत नाही. कायम झाल्यावर दे म्हणाले."

कोणीतरी शिपायाला चहा सांगितला. चहा आला तो बसलेल्यांनाच. मी म्हटलं, "हे वळवणं मी आत्ता इथे बसल्या बसल्या बंद करते. एका मिनिटाचं काम आहे."

"नको, नको," सचिव घाईने म्हणाले. "सगळ्यांची अडचण होईल. तुम्ही फक्त मशीनचं बघा." मग ऑपरेटरकडे न बघता, टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणाले, "तिची फाइल पुढच्या बैठकीत आहे. पुन्हा अध्यक्षांचा फोन अडकला, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

चहा मी तसाच ठेवला. जिना उतरताना मी त्या बाईला म्हटलं, की मी हे कंत्राटच सोडते, आणि अध्यक्षांना जाऊन सांगते काय चाललंय ते.

"तुमी काय पण सांगाल, ताई. तुमी अकोल्याले जाल. मी इथं राहीन." ती थांबली. "मले एक सांगा. बाहेरून फोन आला की नंबर दिसते न मशीनले?"

"दिसतो."

"मंग अध्यक्षांचा नंबर आला, की माझ्याकडं येऊच नये आणि इकडं तिकडं वळूही नये. थेट सचिवांच्या टेबलावर वाजावा. असं होते का?"

होतं. मशीनला ते सहज जमतं. पण मी तिच्यावरच चिडले. "आणि बाकीच्यांचं काय? मास्तरांचं? सकाळपासून मी ऐकलं ना, लोक कसे गरगर फिरतात ते."

"बाकीच्यायचा फोन अडकला म्हणून कोणी मले काढणार नाही," ती म्हणाली. "अध्यक्षांचा अडकला तं काढतीन. माही पोरगी बारावीत आहे. तुमाले राग आला आहे, ते दिसून राहिलं. मलेही येते. पण मले जून काढायचा आहे, ताई."

मी परत वर गेले आणि सचिवांना ही युक्ती सांगितली. अर्थात ती तिची आहे हेही सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला. "असं करता येते? मग आधी का नाही केलं?" त्यांनी अध्यक्षांचे दोन्ही नंबर तत्परतेने काढून दिले. मग थोडा विचार करून आमदारांचा नंबरही दिला. मी ते टाकले. सचिवांनी समोर बसून अध्यक्षांना मोबाइलवर विनंती केली, की साहेब, एकदा ऑफिसच्या नंबरवर लावून बघता का. टेबलावरचा फोन लगेच वाजला, सचिव उभे राहून बोलले. खोलीत समाधान पसरलं. मशीन तीच होती, ऑपरेटर तीच होती, फोन वळवलेले होते ते तसेच होते.

अकोल्याला परत येईपर्यंत मी गाडीत एकटीच बडबडत होते. घरी नवरा म्हणाला, "काम झालं ना? मग चिडायला काय झालं?" काम झालं होतं, आणि ते झालं म्हणूनच मी चिडले होते. इतक्या वर्षांत मी मशीन कुणाकुणासाठी जोडली असेल. कोणाला गाळण्यासाठी जोडली, ती ही पहिली वेळ. दोन माणसांना सरळ वाट आणि बाकी साऱ्या जिल्ह्याला स्वागताची ध्वनिफीत. हे मी माझ्या हाताने केलं, आणि त्या बाईकडे बघता तेच बरोबर होतं, याचा तर जास्तच राग आला.

तिचा आदेश जूनमध्ये निघाला. कायम. तिने मला फोन करून सांगितलं आणि पेढे अकोल्याला कसे पाठवू म्हणून विचारलं. मी म्हटलं, तूच खा, जिन्याखाली बसून.

त्यानंतर पावसाळ्यात विजेने मशीनचं एक कार्ड गेलं, दिवाळीत उंदराने तार कुरतडली. मी दोनदा जाऊन आले. ती दिसायची, हसायची, चहा मागवायची. फोनच्या वळवण्याबद्दल ती बोलली नाही, मीही नाही. मला वाटलं, हिचं काम झालं, संपलं. मनात म्हटलं, बरोबर आहे, कोण कशाला अंगावर घेईल.

उन्हाळ्याच्या तोंडावर मी नेहमीच्या तपासणीला गेले, तर तिने माझ्यासमोर एक अर्ज ठेवला. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने, आवक विभागाचा शिक्का मारून आणलेला. मजकूर दोन ओळींचा: बाहेरून आलेले फोन टेबलावर न वाजता ऑपरेटरकडे परत येतात, तरी यंत्रणेत योग्य ती दुरुस्ती व्हावी.

"हे काय?" मी विचारलं.

"लेखी तक्रार. आता मले देता येते."

"बडे बाबूंनी शिक्का मारू दिला?"

"त्यायनं वाचलंच नाही. छोट्या बाबूकडे ढकललं. छोट्या बाबूनं मलेच म्हटलं, मार तूच शिक्का." ती खो-खो हसायला लागली. मग हसू पुसून म्हणाली, "तुमचं कंत्राट काय म्हणते? तक्रार आली की काय करा लागते?"

"दुरुस्ती करावी लागते."

"मंग करा न, ताई."

"मला काढतील पुढच्या वर्षी."

"काढतीन," ती म्हणाली. तिने गोड बोलून समजूत घातली नाही, हे मला आवडलं. "पण मले आता काढता येत नाही."

मी लॅपटॉप लावला. संस्थेतल्या प्रत्येक टेबलाचा फोन वळवण्याचा अधिकार काढून घेतला. मग कोणी कितीही चांदण्या दाबोत. सचिवांपासून छोट्या बाबूंपर्यंत, सगळ्यांचा. आमदार आणि अध्यक्षांची सरळ वाट राहू दिली, तिच्याबद्दल तक्रार नव्हती. कामाच्या पावतीवर लिहिलं, की लेखी तक्रारीनुसार फोन परत येण्याचा दोष दूर केला. ऑपरेटरने सही केली. मी पेटी बंद केली, शिडी गाडीवर बांधली आणि निघाले.

बडनेराही ओलांडलं नव्हतं, तर सचिवांचा फोन. गाडी बाजूला घेतली.

"मॅडम, अहो, मशीन बिघडली! माझ्या टेबलावरचा फोन वाजतोय!"

"कोणाचा आहे?"

"ते मला काय माहीत? मी उचलला नाही. तुम्ही गेल्यापासून चार वेळा वाजला. प्रशासन अधिकाऱ्यांकडेही वाजतोय. इथे सगळीकडे नुसतं वाजतंय!"

"फोन वाजतोय म्हणजे मशीन चांगली आहे, साहेब. उचलून बघा."

"तुम्ही ताबडतोब परत या."

"लेखी तक्रार द्या," मी म्हटलं. "तोंडी तक्रार आम्ही घेत नाही."

त्यानंतर कंत्राट गेलं. पत्र आलं नाही, फक्त पुढच्या वर्षी बोलावलं नाही. नागपूरची कुठली तरी एजन्सी आली. कोणीतरी सांगितलं, की "त्यांचा माणूस सूट घालून येते". येऊ दे. धंद्याचं नुकसान झालं ते झालं, त्याचं मला फार वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. गिऱ्हाईक मोठं होतं. आणि लोकांचे फोन लागावेत, एवढीशी गोष्ट करण्यासाठी गिऱ्हाईक गमवावं लागतं, याचा राग मला आजही भाजी निवडताना येतो.

ती बाई अजून फोन करते, अधूनमधून. नव्या एजन्सीने वळवण्याची सोय साहेबांना परत दिली का, ते मी विचारलं. ती म्हणाली, द्यायला सांगितली होती, पण त्या सूटवाल्याने त्याचे वेगळे पैसे मागितले आणि सही कोणी करायची यावर फाइल अडली आहे. तोवर साहेब लोकांनी दुसरा उपाय काढलाय. सकाळी आले की रिसीव्हर उचलून टेबलावर आडवा ठेवतात. बाहेरच्याला एंगेज ऐकू येतं.

"मग तू काय सांगतेस लोकांना?" मी विचारलं.

"जे आहे तेच सांगतो," ती म्हणाली. "म्हणतो, साहेब खुर्चीवर बसून आहेत, रिसीव्हर काढून ठेवला आहे. तुमी या, मी वर घेऊन जातो. अंजनगावचे ते पेन्शनवाले गुरुजी पुन्हा आलते परवा, सहीसाठीच. त्यायले मी सोता घेऊन गेली प्रशासन अधिकाऱ्याच्या खोलीत. म्हटलं, साहेब, हे फोनवर होते."

"मग?"

"मंग काय? सही केली न त्यानं. काय करीन तो?"